जुन्या वस्तूंचे जाणकार व्हा! वऱ्हाडातील होतकरूंसाठी सोपे गाइड

हे गाइड कोणासाठी?

अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या वाड्यात एक लाकडी पेटी असतेच. पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेली कागदांची गुंडाळी असते, आणि ती गुंडाळी म्हणजे रघूजी भोसल्यांनी खापरपणजोबांना दिलेली सनद असते. सावकाराची पावती, भावकीतले भांडण किंवा निजामाच्या वसुलीचा तगादा त्या गुंडाळीत आहे, असे सांगणारे घर सहसा भेटत नाही. घरातल्या कोणालाही ती वाचता येत नाही, ही तर तिच्या थोरपणाची मोठीच खूण.

अशा वेळी गावाला जाणकार लागतो. पूर्वी हे काम पारावर बसणारे निवृत्त मास्तर फुकट करत. आता दिवस पालटले आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला राज्यभर भाव आला. मोडी वाचता येते असे नुसते म्हणणाऱ्यालाही थोडा आला. हे गाइड त्या दुसऱ्या वर्गासाठी आहे. संस्कृत, फारसी, मोडी यांपैकी काहीही येत नसले तरी चालते. येत असेल तर मात्र अडचण होते.

या धंद्यात धोका एकच: विघ्नसंतोषी अभ्यासक. जॉन फेथफुल फ्लीट, वासुदेव विष्णू मिराशी, यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे ही त्यातली ठळक नावे. वस्तू पाहून भारावून जायचे सोडून ही मंडळी प्रश्न विचारत बसली. त्यांचे प्रश्न त्या त्या धड्यात दिले आहेत, ते वेळीच टाळता यावेत एवढ्यासाठी.

लागणारे साहित्य

भिंग, एक नग. ते वापरायचे नसते. डोळ्यासमोर धरून "हं" म्हणायचे असते. पांढरे हातमोजे, एक जोड. जुना कागद खरे तर स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळलेला बरा, कारण मोज्यातून कड जाणवत नाही आणि फाटते. पण फोटोत मोजे शोभतात. खादीचे जाकीट. आणि एक वाक्य, पाठ केलेले: "असा नमुना मी आजवर पाहिला नव्हता." हे वाक्य नवशिक्याच्या तोंडी कायम खरे असते.

धडा पहिला: निकाल आधी, वस्तू नंतर

पेटी उघडण्यापूर्वी मालकाचा चेहरा वाचावा. धुऱ्याच्या भांडणात शेजाऱ्याला गप्प करायचे आहे का? देवस्थानाच्या इनामावर हक्क सांगायचा आहे का? की सोयऱ्यांपुढे घराणे मिरवायचे आहे? "आमच्या पंजाच्या काळातलं हाये, भाऊ. तुमी फक्त हो म्हना, बाकीचं आमी पाह्यतो," असे वाक्य कानी आले की तपासणी संपली. हो म्हणावे, चहा घ्यावा, निघावे.

विघ्नसंतोषी नेमका इथेच अडतो. त्याचा पहिला प्रश्न: हा कागद खरा ठरला तर फायदा कोणाचा? खोटे दानपत्र करण्याचा उद्योग इतका जुना आहे की मनुस्मृतीने बनावट राजशासन लिहिणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. उत्तर प्रदेशात मधुबन येथे मिळालेल्या सम्राट हर्षाच्या ताम्रपटात, म्हणजे इ. स. ६३१ च्या सुमारास, असेच एक प्रकरण नोंदले आहे. वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट ताम्रपटाच्या, जोरावर एक गाव उपभोगत होता. हर्षाने ते शासन मोडले आणि गाव दुसऱ्या दोघांना दिले. वामरथ्याचा ताम्रपट त्या काळी पाहणाऱ्यांना अस्सलच वाटला असणार, त्याशिवाय गाव हाती राहिले नसते.

अस्सल शासन कसे असते, हे पाहायला मात्र लांब जावे लागत नाही. अचलपूरजवळच्या चम्मक गावी एकोणिसाव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव त्याने एक हजार ब्राह्मणांना दिले, असे त्यात लिहिले आहे. हजारांपैकी नावे जेमतेम पन्नासेक जणांचीच आहेत. पुढे अटी आहेत: राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, राजावर विषप्रयोग नाही, लढाया नाहीत, दुसऱ्या गावांना उपद्रव नाही. यातले काही केले तर राजाने जमीन काढून घेतली तरी त्याला चोरीचा दोष लागणार नाही. आता स्वतःच्या फायद्यासाठी ताम्रपट घडवणारा माणूस असली कलमे आपणहून कशाला घालील? खऱ्या कागदात मालकाला नको असलेले काहीतरी बहुधा असते. म्हणून होतकरू जाणकाराने मजकूर पूर्ण वाचण्याच्या फंदात पडू नये.

धडा दुसरा: कागद तपकिरी, म्हणजे पुरातन

जुना कागद चहाच्या रंगाचा असतो, हा लोकांचा समज जपावा. त्यावर आपले पोट आहे. कडा जळक्या असतील तर "गाविलगडच्या वेढ्यात वाचलेला" म्हणावे. तो किल्ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला, ही तारीख पाठ असली की उरलेले सगळे लोक मान्य करतात.

विघ्नसंतोषी कागद आडव्या उजेडात धरतो. आपल्याकडची जुनी शाई काजळीची. ती शतकानुशतके काळीच राहते. तपकिरी पडते ती लोखंडाच्या क्षारांची शाई. त्यामुळे "शिवकाळातल्या" मोडी पत्रावरची अक्षरे एकसारखी तपकिरी दिसली की त्याची भुवई वर जाते. मग तो घडी पाहतो. आधी लिहून मागून घडी पडली असेल, तर घडीवर शाई चिरते. आधीच चुरगळलेल्या जुन्या कागदावर आज लिहिले असेल, तर मोडलेल्या तंतूंत शाई पसरते. मग तो कसरीने पाडलेली भोके पाहतो. कीड अक्षर बघून खात नाही, म्हणून खऱ्या कागदावर भोके अक्षरांच्या आरपार गेलेली असतात. लिहिणाऱ्याने भोक चुकवून ओळ वळवली असेल, तर भोक आधीचे आणि मजकूर नंतरचा.

एवढ्यावरही भागले नाही, तर तो नोटा तपासायचा निळा दिवा काढतो. कागदाला पांढरीशुभ्र चमक देणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. त्या दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. याच परीक्षेत एक जगप्रसिद्ध प्रकरण आडवे झाले. १९८३ पर्यंत जर्मनीच्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने सुमारे ९३ लाख मार्क मोजून हिटलरच्या रोजनिशीच्या साठाहून अधिक वह्या घेतल्या. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामांकित इतिहासकाराने आधी त्यांना पसंती दिली. प्रयोगशाळेत कागद युद्धानंतरचा निघाला. कोन्राड कुयाऊ या बनावटकाराने वह्यांवर हिटलरची आद्याक्षरे लावली होती, तीही चुकीची: वळणदार जर्मन टायपात 'ए' आणि 'एफ' सारखे दिसतात, त्या गडबडीत आडॉल्फच्या 'ए'चा 'एफ' झाला. इतक्या सगळ्या जाणकारांना ते दिसले नाही, कारण सगळ्यांना वह्या खऱ्या हव्या होत्या. पहिला धडा नीट गिरवला की असे होते.

धडा तिसरा: तारखेच्या नादी लागू नये

जुन्या वऱ्हाडी कागदावर शालिवाहन शक असेल, हिजरी असेल, सुहूर सन असेल किंवा फसली असेल. निजामी अमलामुळे महसुली कागदांत फसलीची चलती. ते वर्ष मृगाच्या सुमारास उलटते, म्हणून त्याच्याशी शेतकऱ्याचा घरोबा. नवशिक्याने आकडा दिसला की तो सरळ इसवी सन म्हणून वाचावा. कागद आपोआप काही शतके जुना होतो.

विघ्नसंतोषी बेरीज करतो. शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. महिन्यानुसार एखादे वर्ष इकडेतिकडे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे तिथे नुसती बेरीज चालत नाही, जंत्री लागते. जंत्री उघडली की तो तिथी आणि वार जुळतात का तेही पाहतो. बनावटकार राजाचे नाव बरोबर लिहितो, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या वद्य पंचमीला कोणता वार होता याचा हिशेब सहसा करत नाही.

या गणितात आपल्या भागातला एक ताम्रपट चांगलाच अडकला आहे. सातपुड्यापलीकडे, बैतूल जिल्ह्यातल्या तिवरखेडला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट मिळाला. तो अचलपुरातून दिलेला, त्यावर शक ५५३, म्हणजे इ. स. ६३१. पुढे अकोला जिल्ह्यात सांगळूदला त्याच घराण्यातल्या नन्नराजाचा दुसरा ताम्रपट मिळाला: शक ६१५, म्हणजे ६९३. आणि मुलताईचा तिसरा, नंदराजाचा: शक ६३१, म्हणजे ७०९. वंशावळ तीच: दुर्गराज, गोविंदराज, स्वामिकराज आणि मग हा. तिन्ही ताम्रपट खरे आणि राजा एकच मानला, तर त्याने किमान ७८ वर्षे राज्य केले असे धरावे लागते. म्हणून अभ्यासकांनी तिवरखेडच्या ताम्रपटाच्या खरेपणावर बोट ठेवले. इथे नवशिक्याची आणखी एक मौज आहे. ६३१ हा आकडा एका ताम्रपटाचा इसवी सन आणि दुसऱ्याचा शक आहे. एकाची बेरीज करून दुसऱ्याची विसरणाऱ्याला ते दोन्ही एकाच वर्षीचे दिसतात आणि वाद जागीच मिटतो.

धडा चौथा: पदवी जितकी लांब, कागद तितका खरा

शिक्का गोल, पदवी लांब आणि भाषा भारदस्त असली की पुरे.

विघ्नसंतोषी पदवीचे वय विचारतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्याआधीच्या पत्रात 'राजा शिवछत्रपति' अशी मिरवणूक निघाली असेल, तर लिहिणाऱ्याला पुढचे दिसत होते असे म्हणावे लागेल. गयेच्या ताम्रपटाची गोष्ट याहून नाजूक आहे. तो समुद्रगुप्ताचा म्हणून मिरवतो. १८८८ मध्ये फ्लीटने दाखवले, की त्यातले राजाचे नाव प्रथमा विभक्तीत आहे, पण त्याची विशेषणे षष्ठीत. लेखकाने समुद्रगुप्ताच्या वंशजाच्या लेखातून 'अशा अशा समुद्रगुप्ताचा' हा मजकूर उचलला, नावाचा प्रत्यय बदलला आणि विशेषणांचे प्रत्यय बदलायचे विसरला. त्याला जोडलेली मुद्रा मात्र फ्लीटला बहुधा अस्सल वाटली. खऱ्या शिक्क्याखाली खोटा मजकूर खपतो, ही युक्ती आजच्या शिक्कामोर्तबवाल्यांनी शोधलेली नाही.

मराठी कागदाला याहून सोपा सापळा आहे. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि 'घरांत', 'नाहीं', 'कां' यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. १९३० सालच्या बाळबोध लिपीतल्या खरेदीखतात एकही जादा टिंब नसेल, तर ते लिहिणारा कारकून तरी काळाच्या फार पुढे होता किंवा कागद फार मागे नाही. उलट मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. मोडी सनदेत सगळ्या वेलांट्या आजच्या शाळेतल्यासारख्या चोख असल्या, तर शाबासकी सनदेला न देता तिच्या मुख्याध्यापकांना द्यावी.

धडा पाचवा: वाचता आले नाही, तर खजिना

समजत नाही ती लिपी 'सांकेतिक' आणि सांकेतिक म्हणजे पुरलेल्या धनाचा नकाशा. हा नियम वऱ्हाडात विशेष चालतो.

सांकेतिक लिपी वऱ्हाडात खरोखरच आहे, ही विघ्नसंतोष्यांची सोय. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे ठिकाण. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू तिथले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत लिहून पंथाबाहेरच्यांपासून राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी सकळ लिपी उलगडली आणि मराठीतले आद्य चरित्र, 'लीळाचरित्र', बाहेरच्या अभ्यासकांना वाचायला मिळाले. तेव्हा खणायला कुदळ काढण्याआधी पोथी एखाद्या महंतांना किंवा अभ्यासकाला दाखवलेली बरी. तुम्ही ज्याला नकाशा समजता, ती चक्रधरांची लीळा असू शकते.

ताम्रपटाच्या अक्षरांवर लहान लहान चौकोन दिसले, तरी तो तळघराचा आराखडा नसतो. ती पेटिकाशीर्ष ब्राह्मी, वाकाटकांच्या लेखांतली ओळखीची लिपी. रिद्धपूरलाच राणी प्रभावतीगुप्ताचा ताम्रपट मिळाला आहे. वाशीमला, म्हणजे जुन्या वत्सगुल्माला, १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा मिळाला. त्याची भाषा थोडी संस्कृत आणि बरीचशी प्राकृत. अशी सरमिसळ दिसली की नवशिका 'अशुद्ध, म्हणून खोटे' म्हणतो. जाणकाराला ती त्या काळाची ओळख वाटते.

धडा सहावा: पाटी हाच पुरावा

काचेच्या कपाटात ठेवलेली आणि पाटी लावलेली वस्तू खरी. पाटी इंग्रजीत असेल तर दुप्पट खरी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आणली गेली, तेव्हा दर्शनाला गर्दी लोटली. ती नखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्यातून संग्रहालयाकडे गेली. सोबतच्या पेटीवर लिहिले आहे, की शिवाजीने मोगल सेनापतीला मारले ते शस्त्र हेच. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. हे वऱ्हाडातल्या चौथीच्या मुलालाही माहीत असते. पेटी करवून घेणाऱ्याला नव्हते. ही तीच वाघनखे आहेत याची खात्री करता येत नाही, असे खुद्द संग्रहालयच सांगते. एवढ्यावरून नखे खोटी ठरत नाहीत. ठरते ते इतकेच, की पाटी लिहिणारा १६५९ मध्ये प्रतापगडावर हजर नव्हता.

उलट २०२५ मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून सोडवलेली रघूजी भोसल्यांची तलवार पाहा. तिचे पाते युरोपी बनावटीचे आहे. नवशिका म्हणेल, विलायती पाते म्हणजे मराठ्यांची तलवार नव्हेच. पण फिरंगी पात्यांना मराठा सरदारांत मोठी मागणी होती, आणि या पात्यावर देवनागरीत सेनासाहेब सुभा रघोजी भोसल्यांचे नाव कोरले आहे. म्हणजे संशय घ्यायलाही अभ्यास लागतो.

घरची पाटी हवी असेल तर बार्शीटाकळीला जावे. तिथले भवानीचे देऊळ 'हेमाडपंती' म्हणून प्रसिद्ध. त्यातल्या शिलालेखावर शक १०९८, म्हणजे इ. स. ११७६. हेमाडपंत हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. देऊळ अस्सल, शिलालेख अस्सल, पंत मात्र देवळानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी कारभारात आले. दगड आणि पाटी यांत तंटा झाला, तर साक्ष दगडाची घ्यावी.

धडा सातवा: कोठून आले ते विचारू नये

"इहीर खणतांना सापडलं" हे उत्तर पुरेसे मानावे. विहिरीतून निघाले म्हटल्यावर पुढचा प्रश्न पाण्यात जातो.

विघ्नसंतोषी मात्र वस्तूचा प्रवास लिहून काढतो: कोणाला, कधी, किती खोल, सोबत काय. प्रभावतीगुप्ताचा दुसरा ताम्रपट पुण्याच्या एका तांबट घराण्याकडे होता. तो निघाला होता नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनच्या बाजूने. वस्तू जिथे सापडते तिथली असतेच असे नाही. तांबे चालते-फिरते असते.

कायदाही इथे विघ्नसंतोष्यांच्या बाजूचा आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज अस्सल मानण्याची मुभा न्यायालयाला आहे. जुन्या पुरावा कायद्यात होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण अट एक: कागद जिथे असायला हवा तिथूनच, योग्य ताब्यातून, आलेला पाहिजे. जातपडताळणीत हे रोज दिसते. न्यायालये स्वातंत्र्यपूर्व नोंदींना अधिक वजन देतात, म्हणून शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि कोतवाल बुक यांना सोन्याचे मोल. आणि म्हणूनच त्या रजिस्टरांत कधीकधी एखादाच शब्द वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने, शेजारच्या रकान्यात खेटून बसलेला आढळतो. दक्षता पथक तो एक शब्द पाहत नाही. आधीची दहा आणि नंतरची दहा पाने पाहते. सुटी नक्कल खोटी करणे सोपे, अख्खे रजिस्टर खोटे करणे कठीण.

धडा आठवा: नाणी आणि हंडा

या धड्यात विनोद आवरता घेतलेला बरा, कारण यात लोकांची वावरे गेली आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे, मागे रामदरबार असलेले 'एक आणा' नाणे: कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. ती देवळांबाहेर मिळणारी टोकने. त्यांना 'तांदूळ ओढणारे' म्हणून लाखोंना विकणारे फसवतात. 'खोदकामात हंडा सापडला' म्हणणाऱ्याची रीतही ठरलेली: नमुन्याला एक खरी गिन्नी द्यायची, ती सराफाकडे पास होते, मग रोख रकमेच्या बदल्यात पितळेची पिशवी हाती येते. ज्याला खरोखर हंडा सापडतो तो तुम्हाला शोधत येत नाही.

अपेक्षित प्रश्नसंच

*प्र. १. इ. स. १८४० च्या इनामपत्रात जमीन 'दोन हेक्टर चाळीस आर' आहे. मत द्या.*
नवशिक्याचे उत्तर: निजाम दूरदृष्टीचा होता. खरे उत्तर: आपल्याकडे मेट्रिक मापे १९५६ च्या कायद्यानंतर आली, नये पैसे १९५७ मध्ये.

*प्र. २. १९५२ च्या अकोल्याच्या दाखल्यावर 'महाराष्ट्र शासन' असा शिक्का आहे. चूक काय?*
वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, महाराष्ट्र झाला १ मे १९६० रोजी.

*प्र. ३. पंजोबांना १९४५ मध्ये आलेल्या पत्रावर पिनकोड आहे. पत्र कोठून आले?*
१५ ऑगस्ट १९७२ नंतरच्या काळातून.

*प्र. ४. नरनाळ्याहून गाविलगडापर्यंत भुयार आहे का?*
आहे, पण मध्येच बुजलेले आहे. (प्रत्येक भुयाराविषयी हेच उत्तर लिहावे, पूर्ण गुण मिळतात.)

शेवटची सूचना, गाइडाबाहेरची

वर टिंगल झाली ती नवशिक्या जाणकारांची, पेट्यांची नव्हे. वऱ्हाडातल्या घराघरांत अस्सल कागद आहेत आणि ते रोज रद्दीत, ओलीत, वाळवीत जात आहेत. सनद नसलेली साधी पावतीसुद्धा त्या काळचा भाव, माप, पीक आणि माणसांची नावे सांगते. म्हणून तांब्याचा पत्रा चिंचेने घासू नका. कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोणी, कोठे, केव्हा ठेवले किंवा सापडले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. जमिनीतून दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही निघाले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. त्यांच्या विक्रीला परवाना लागतो आणि परदेशी नेण्यास मनाई आहे. वाचून घ्यायचे असेल तर नागपूरचे पुराभिलेखागार आहे, अमरावतीचे विद्यापीठ आहे, रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे.

आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, तो कितीही मोठा जाणकार असो. फोटो द्या. मूळ द्यावेच लागले, तर पावती घ्या, आणि त्या पावतीवर तारीख घालायला विसरू नका.